मनगटावरचा फुगा: बुडण्यापासून वाचवणारा पट्टा बनवतोय, चुका काढा

अर्धवर्तुळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, हा पहिलाच धागा.

मागच्या वर्षी आम्ही पाच जण तलावात नाव घेऊन गेलो होतो. परत काठाला लागल्यावर एक जण पुन्हा पाण्यात उतरला. आम्ही चौघे पंधरा पावलांवर सामान आवरत होतो. तो गटांगळ्या खातोय हे आमच्यापैकी एकालाही कळलं नाही. दुसऱ्या नावेतल्या माणसाने ओढून काढला म्हणून वाचला. त्याचं लाइफ जॅकेट कुठे होतं? नावेत. त्यावर आमचा एक मित्र बसला होता, फळी टोचते म्हणून.

तेव्हापासून डोक्यात आहे की लोक घालतील असं काहीतरी बनवायचं. जाडजूड, उकडणारं, नारिंगी असं काही नको. घड्याळासारखा मनगटी पट्टा. आत १६ ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं, घडी घातलेला फुगा आणि एक खिट्टी. बुडायला लागलं की खिट्टी ओढा, फुगा फुगतो, त्याला धरून राहा.

हिशेब असा. ४४ ग्रॅम वायू २० अंशाला साधारण २४ लिटर जागा घेतो. म्हणजे १६ ग्रॅमचे झाले पावणेनऊ लिटरच्या आसपास. तेवढं पाणी बाजूला सरलं की पावणेनऊ किलोची उचल, म्हणजे ८५ न्यूटन. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. बाकीचं शरीर पाण्यात जवळजवळ बिनवजनाचं असतं. म्हणजे गरजेच्या दीडपट ते दुप्पट उचल मिळते.

फुग्याचं कापड, झडप आणि खिट्टी यांबद्दल सल्ले हवे आहेत. चुका बिनधास्त काढा.

शंकेखोर

एकच शंका. खिट्टी ओढणार कोण?

अर्धवर्तुळ

ज्याने पट्टा घातलाय तोच की.

काठावरची

शंकेखोर यांनी नेमकं बोट ठेवलंय. मी अकरा वर्षं तरणतलावावर जीवरक्षक होते, आता पोहायला शिकवते. माणूस बुडताना ‘वाचवा’ ओरडत हात हलवतो, हे सिनेमात. जो ओरडतोय तो अडचणीत आहे, पण अजून शुद्धीत आणि ताब्यात आहे. खरा बुडणारा गप्प असतो. तोंड पाण्याच्या वर येतं तेवढ्या क्षणात त्याला श्वास सोडून परत घ्यायचा असतो, आवाजाला वेळच उरत नाही. हात दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. ते तो ठरवून करत नाही, होतं. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने हे पहिल्यांदा नीट निरखून मांडलं. पाण्याखाली जाण्याआधी हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं.

त्या अवस्थेतला माणूस हाताशी आलेली दोरीसुद्धा धरू शकत नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडी धरायला हात मोकळा लागतो. तुमच्या पट्ट्याला दोन्ही हात लागतात. एकावर पट्टा, दुसऱ्याने खिट्टी.

तुमच्या मित्राचं तुम्हाला का कळलं नाही, तेही यातच आलं. स्वतःला दोष देऊ नका.

अर्धवर्तुळ

ताई, धन्यवाद. शेवटची ओळ दोनदा वाचली.

मग खिट्टी काढून टाकतो आणि सेन्सर लावतो. पाण्याखाली दर १० सेंटिमीटरला दाब साधारण १ किलोपास्कलने वाढतो, आणि हल्लीचे दाबमापक त्याहून कितीतरी बारीक फरक ओळखतात. मनगट ३० सेंटिमीटरच्या खाली सलग १५ सेकंद राहिलं की फुगा आपोआप फुगेल. हात मोकळे नसले तरी चालेल.

टाकाऊतून टिकाऊ

भारी कल्पना, पुढचे भाग वाचायला आवडतील. नळकांडं कशाला पण? खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व वापरा. पाणी आत शिरलं की आपोआप फसफसून फुगा भरेल. सेन्सर नको, बॅटरी नको, स्प्रिंग नको. मी हिशेब केलाय: १८ लिटर वायूला ६३ ग्रॅम सोडा आणि ४८ ग्रॅम लिंबूसत्त्व. वजनही फार नाही.

शंकेखोर

आणि फुगा भरायला किती वेळ? गार पाण्यात ती पूड भिजून आंबेपर्यंत माणूस तळाशी. शिवाय कार्बन डायऑक्साइड पाण्यात चांगलाच विरघळतो. २० अंशाला एक लिटर पाणी जवळजवळ तेवढाच वायू पोटात घेतं. दमट हवेत वर्षभर लटकलेल्या पुडीचं काय होईल ते तुमच्या सोड्याच्या डब्याला विचारा.

टाकाऊतून टिकाऊ

हं. डबा बघितला. दगड झालाय.

काठावरची

अर्धवर्तुळ, सेन्सरबद्दल. बुडणाऱ्याचे हात पाणी दाबत असतात असं वर लिहिलं ना? म्हणजे मनगट पृष्ठभागाच्या अगदी जवळ असतं. तुमचा सेन्सर म्हणेल की सगळं ठीक आहे. आणि तळाची नाणी वेचायला बुडी मारणारं पोर? ते मजेत २० सेकंद खाली असतं. त्याच्या हातावर फुगा फुगेल आणि बुडणाऱ्याच्या हातावर फुगणार नाही. पाणी मनगटाला नाही, नाकातोंडाला लागतं.

जुना खलाशी

अर्धवर्तुळ, बाळा, तळमळ कळली. पण नळकांडं आणि सेन्सर जरा बाजूला ठेव. तू अजून उचलीबद्दल बोलतोयस, ती कुठे लागते त्याबद्दल बोललाच नाहीस. पावणेनऊ किलो काय आणि वीस किलो काय, ती मनगटाला लागली तर पाण्याबाहेर काय येईल? मनगट. शुद्धीत असलेला माणूस फुगा कवटाळून छातीखाली घेईल. दमलेला किंवा डोक्याला मार लागलेला माणूस एका हाताला लोंबकळेल आणि मान पाण्यात जाईल. अंदाजावर जाऊ नकोस, करून बघ. रिकामा बंद कॅन मनगटाला बांध, कंबरभर पाण्यात जा, शेजारी धडधाकट पोहणारा उभा कर आणि अंग सैल सोड.

आता आपोआप फुगण्याबद्दल. मी बोटीवर दोन प्रकारची आपोआप फुगणारी जॅकेटं पाहिली. पहिल्या प्रकारात एक छोटी गोळी स्प्रिंगला अडवून धरते. ती पाण्यात विरघळली की स्प्रिंग सुटते आणि नळकांड्याला भोक पडतं. साधी, स्वस्त, उत्तम. पण तुषार सतत अंगावर येत असले किंवा जॅकेट दमट पेटीत ठेवलं असलं तर एके दिवशी पेटीतच फुगलेलं सापडतं. माझं एकदा जेवताना गळ्यात फुगलं. त्यानंतर आमच्यातल्या अर्ध्यांनी गोळ्याच काढून ठेवल्या! न विचारता फुगणारं यंत्र माणूस बंद करून टाकतो, हे लक्षात ठेव. दुसऱ्या प्रकारात पाण्याच्या दाबाने उघडणारी झडप असते. साधारण १० सेंटिमीटर पाणी वर आल्याशिवाय ती उघडत नाही, त्यामुळे तुषारांनी काही होत नाही. ती महाग असते, आणि ठरल्या मुदतीने बदलावी लागते.

आणि आपोआप फुगणं सगळीकडे चांगलं नसतं. १९९६ साली इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ माणसं गेली. अनेकांनी जॅकेटं आतच फुगवली होती. आत पाणी भरलं तशी ती माणसं छताला चिकटली, आणि दार राहिलं खाली पाण्यात. उलटलेल्या नावेखाली किंवा बंद केबिनमध्ये हेच होतं. जिथून बुडी मारूनच बाहेर पडावं लागतं तिथे फुगलेलं जॅकेट घात करतं. म्हणून विमानातलं जॅकेट आजही हाताने ओढायचं असतं.

एक विसरलो. काहीही बनव, जांघेतून जाणारा पट्टा विसरू नकोस.

अर्धवर्तुळ

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. कॅनचा प्रयोग शनिवारी करतो.

जांघेतल्या पट्ट्याबद्दल मात्र असहमत. तसलं काही कुणी घालणार नाही. लोकांनी घालावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप चाललाय.

जुना खलाशी

बरं.

भूलतज्ज्ञ

उचल कुठे लागते यावरून एक गोष्ट सांगतो, आमच्या पेशातली आहे म्हणून जरा अभिमानाने.

दुसऱ्या महायुद्धात विमानातून समुद्रात पडलेले वैमानिक जॅकेट घालूनही मेलेले सापडत. तरंगत होते, पण पालथे. शुद्ध हरपलेला माणूस कोणत्या जॅकेटमध्ये उताणा राहतो हे तपासायचं कसं? शुद्धीतला माणूस कितीही अंग सैल सोडो, नाकात पाणी गेलं की मान वर करतोच. तेव्हा ब्रिटिश हवाई दलाच्या शरीरशास्त्र प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर पास्क या भूलतज्ज्ञाने स्वतःलाच भूल देऊन घेतली. रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी त्याला पूर्ण बेशुद्ध केलं, श्वासनलिकेत नळी घातली आणि एकेक जॅकेट चढवून त्याला हौदात सोडलं. तो स्वतःचं प्रेत होऊन तरंगला म्हणा ना.

शास्त्र अगदी साधं आहे. शरीराचं वजन एका बिंदूतून खाली खेचतं आणि पाण्याची उचल दुसऱ्या बिंदूतून वर ढकलते. हे दोन बिंदू एकाखाली एक येईपर्यंत शरीर फिरत राहतं. उचल छातीवर आणि मानेपाशी जास्त, पाठीवर कमी, असं असेल तर पालथा माणूस आपोआप उताणा होतो. पुढेमागे सारखी असली तर तो पालथाच स्थिर राहू शकतो. समुद्री जहाजांवरच्या जॅकेटांसाठी आंतरराष्ट्रीय नियम बरीच वर्षं असा होता: बेशुद्ध माणूस ५ सेकंदांत उताणा व्हायला हवा आणि त्याचं तोंड पाण्यापासून १२० मिलिमीटर वर राहायला हवं. तुमचा ‘डोक्याच्या दुप्पट’ हिशेब हे सांगत नाही. तो फक्त इतकंच सांगतो की माणूस तळाला जाणार नाही.

आणखी एक. पाणी गार असेल तर पहिल्या मिनिटात माणूस धापा टाकतो, श्वास ताब्यात राहत नाही. पुढची साधारण दहा मिनिटं बोटं कामाची असतात, मग बधिर होतात. शुद्ध जायला तासभर लागतो. कॅनडातले संशोधक गॉर्डन गिसब्रेख्त हे १-१०-१ असं सांगतात. गारठ्याने मरण्याआधी, पहिल्याच मिनिटात तोंड पाण्यात असल्यामुळे माणसं जातात. म्हणजे उपकरण पाण्यात पडण्याच्या आधीच अंगावर आणि कामाला तयार हवं.

नवीआई

मध्येच विचारते, माफ करा. माझी मुलगी चार वर्षांची आहे. दंडात घालायचे फुगे पुरतात का? पाकिटावर हसरं बाळ आहे.

काठावरची

नाही पुरत. ते पोहायला शिकतानाचं साधन आहे, जीव वाचवायचं नाही. हसऱ्या बाळाच्या खाली बारीक अक्षरात तसं छापलेलंही असतं, वाचून बघा. ते हातातून निसटतात, हवा जाते. शिवाय मूल त्यात पाण्यात उभं राहतं, तेच अंगवळणी पडतं, आणि उभं शरीर हे बुडणाऱ्याचं शरीर असतं. नावेत नेणार असाल तर तिच्या वजनाचं, मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट घ्या. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं म्हणून कॉलर. आणि जांघेतला पट्टा हवाच, खलाशीकाका म्हणतात तो. पाण्याशी असताना ती तुमच्या हाताच्या अंतरावर असू द्या, जॅकेट असलं तरी.

शंकेखोर

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची. ही पोरं काही पोहायला निघालेली नव्हती. घरामागच्या डबक्यात, उघड्या विहिरीत, आई दोन मिनिटं आत गेलेली असताना. त्यांच्या अंगावर कोणतं जॅकेट असणार होतं? तिथे कुंपण आणि झाकणच लागतं. अर्धवर्तुळ, हे तुम्हाला नाउमेद करायला लिहीत नाही. पण ‘बुडण्यापासून वाचवणारा पट्टा’ हे शीर्षक फार मोठं आहे. कुणाला वाचवणार ते आधी ठरवा.

अर्धवर्तुळ

शनिवार झाला.

आठ लिटरचा कॅन मनगटाला बांधला, भाऊ शेजारी उभा राहिला. आधी शुद्धीतला माणूस म्हणून केलं. कॅन छातीशी धरला, मस्त तरंगलो. भाऊ म्हणाला, हे तर होतंय की. मग डोळे मिटून अंग सोडलं. डावा हात सरळ वर गेला, खांदा कानाला लागला, धड एका कुशीवर वळलं आणि तोंड पाण्यात. मी मोजायचं ठरवलं होतं, तीनपर्यंतही पोचलो नाही. पुन्हा पुन्हा केलं. सहा वेळांत पाच वेळा तसंच. सहाव्या वेळी मी बहुतेक चीटिंग केली.

शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मला त्या मित्रासाठी बनवायचंय. पोहता येणारा, जॅकेटवर बसणारा, मोठा माणूस. दुसऱ्या कुणासाठी नाही.

मनगटी पट्टा रद्द. चार महिन्यांची आरेखनं खणात टाकली. रात्री जरा वाईट वाटलं.

जुना खलाशी

सहापैकी पाच हा आकडा छान आहे. सहावा लपवला नाहीस तेही.

अर्धवर्तुळ

नवीन विचार. फोम. बंद कप्प्यांचा पॉलिइथिलीन फोम, घनमीटरला ३० किलोच्या घरातला. एक लिटर फोमचं वजन ३० ग्रॅम, म्हणजे तो ९७० ग्रॅम उचलतो, साडेनऊ न्यूटन. जॅकेटांसाठीच्या आयएसओ १२४०२ या आंतरराष्ट्रीय मानकात ५०, १०० , १५० आणि २७५ न्यूटन अशा पायऱ्या आहेत. मी ५० धरतोय, म्हणजे सव्वापाच लिटर फोम. छातीवर साडेतीन, पाठीवर पावणेदोन. एकसंध जाड पाटी न लावता बोटभर रुंदीच्या उभ्या पट्ट्या लावेन, मध्ये जाळी, म्हणजे वाकता येईल आणि वारा लागेल. जॅकेट वाटणार नाही, बिनबाह्यांचं बंडीसारखं वाटेल.

भूलतज्ज्ञ

५० न्यूटनची पायरी शुद्धीत असलेल्या, पोहता येणाऱ्या आणि मदत जवळ असलेल्या माणसासाठी आहे. बेशुद्ध माणसाला उताणं करण्याची हमी ती देत नाही. तुमच्या मित्राला ती बसते. पण तसं कापडावरच मोठ्या अक्षरात लिहा.

टाकाऊतून टिकाऊ

फोमच्या वरती छातीला एक फुगवायचा कप्पा ठेवला तर? ३३ ग्रॅमचं नळकांडं, १८ लिटर. फोम लगेच काम करेल आणि श्वास ताब्यात आला की माणूस दोरी ओढेल. या वेळी सोडा नाही, शपथ.

जुना खलाशी

या वेळी बरोबर बोललास. मोठ्या लाटांवर स्वार होणाऱ्यांची बंडी तशीच असते, थोडा फोम आणि वर ओढून फुगवायचा कप्पा. तोंडाने फुंकायची नळीही ठेव. हा वायू साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, काही तासांनी कप्पा मऊ पडतो. आणि नळकांडं दर मोसमात काढून वजन करून बघायचं. बाहेरून रिकामं आणि भरलेलं सारखंच दिसतं.

काठावरची

बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यात यातलं काहीच कामाचं नाही, हेही लिहून ठेवा. फेस म्हणजे निम्मी हवा, ती कुणाला उचलणार?

शंकेखोर

५० न्यूटन कागदावर. प्रत्यक्षात मोजणार कसे?

अर्धवर्तुळ

ताणकाटा. १० किलो लोखंड जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात टांगलं, काटा ८.७ दाखवतो. त्याच पिशवीत बंडी कोंबून पुन्हा बुडवली, पट्ट्यांमध्ये अडकलेली हवा दाबून काढली. काटा ३.४. म्हणजे ५.३ किलोची उचल, ५२ न्यूटन. रात्रभर तशीच ठेवली, सकाळी ३.५.

आता मुख्य. पुन्हा भाऊ, पुन्हा तोच तलाव. अंग सोडून तरंगलो, दहापैकी आठ वेळा तोंड वर. आनंदाने ओरडलोच. मग भाऊ म्हणाला, नावेतला माणूस तुला ओढून कसा काढेल ते बघू. त्याने काठावर वाकून बंडीचे दोन्ही खांदे धरले आणि वर ओढलं.

बंडी वर आली. मी आलो नाही. हनुवटी गळपट्टीत अडकली, दोन्ही कान फोममध्ये, हात सरळ वर आणि नाकाशी पाणी. भाऊ हसतोय आणि मला ‘सोड’ म्हणता येत नाहीये.

खलाशीकाका, तो पट्टा किती रुंद ठेवायचा?

जुना खलाशी

चार बोटं. टोचायला नको. पुढे बकल असं लाव की गारठलेल्या बोटांनी, न बघता लागलं पाहिजे. हातमोजे घालून लावून बघ.

अर्धवर्तुळ

शिवायला घेतलाय.